बरड उडालं तो उन्हाळा

यंदाही आलीच. चैत्र अजून पुरता सरला नाही, तोच चक्कीच्या दाराच्या फटीतून, पत्र्याच्या भोकांतून, बंद खिडकीच्या खालूनसुद्धा धूळ आत येऊन बसली. मी वाशीमला पिठाची चक्की चालवते, त्यामुळे अंगावर पांढरं घेऊन वावरायची मला सवय आहे. पण हे पांढरं नसतं. सकाळी शटर वर केलं की दळणाच्या डब्यांवर थर असतो, काळपट, बोटानं नाव लिहावं एवढा. मी फडकं मारते आणि मारता मारता वाऱ्याला दोन शिव्या हासडते. रांगेतल्या बाया हसतात. "काय माय, वाऱ्यासंग भांडून राह्यली तू?" भांडते तर! माझं त्याच्याशी जुनं आहे.

या दिवसांत चक्कीत श्वास घ्यायला फुरसत नसते. कोणाचे शेवयांचे गहू, कोणाची पापडाची उडदाची डाळ, कोणाची बिबड्यांची ज्वारी. जिला तिला घाई, जिचं तिचं दळण आधी. "माह्या घरी पाव्हनी थांबून राह्यली," असं सांगणारीच्या घरी पाहुणी कधीच नसते, हे मला माहीत असतं, पण मी दळून देते. दिवसभर माझ्या तोंडी एकच प्रश्न. जाड पाहिजे की बारीक? दोन दगडांमधलं अंतर केसभर कमी-जास्त केलं की त्याच गव्हाचा रवा होतो नाहीतर मैदा. रवा पिशवीत गुमान बसतो. मैदा मात्र उडतो, नाकात जातो, पत्र्याला चिकटतो, देवाच्या फोटोवर बसतो. इतक्या वर्षांत हे मी डोळ्यांनी रोज पाहिलं. तरी आमच्या शेतातही तेच होतं, हे कळायला मला एक उन्हाळा लागला.

या दिवसांत वाशीमहून अनसिंगकडं निघालात तर एसटीच्या खिडकीतून दोन्हीकडं नुसती उघडी वावरं दिसतात. तुरीची धसकटं वेचलेली, काडी-कचरा पेटवलेला, जमीन फिरवून विंचरून ठेवलेली. आमच्या लोकांना याच्याइतकं देखणं काही वाटत नाही. पोरीची वेणी घालावी तसं वावर तयार करतात. "आंगनासारखं केलं बाप्पा," ही आमच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी. वैशाखात ज्याच्या वावरात काडी दिसली तो आळशी, त्याची पोरंही आळशी, आणि त्याच्या घरी पोरगी द्यायची तर दोनदा विचार करावा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या घागरी भरून झाल्या, पुरणपोळी खाऊन झाली, की संध्याकाळी आमच्या गावातली माणसं शिवार फिरायला निघतात. हात मागं बांधून, सावकाश, एकेकाचं वावर बघत. तोंडानं फारसं कोणी बोलत नाही. नुसतं थांबतात आणि मान हलवतात. त्या मान हलवण्यासाठी माझ्या बाबांनी जन्मभर कंबर मोडून घेतली.

बाबा म्हणजे रामभाऊ. अनसिंगच्या पुढं आमचं गाव आहे. बाबांचं खालचं वावर काळं, आणि वरच्या अंगाला, टेकडीच्या उतरणीवर एक बरड. बरड म्हणजे हलकी जमीन, वीतभर माती आणि खाली मुरूम. पण त्या मातीचा रंग! सगळं शिवार काळं आणि तेवढाच तुकडा तांबडा, विटकरीकडं झुकणारा. ते बरड बाबांचं नव्हतं. मायच्या वडिलांचं होतं. मायला भाऊ नाही. गावातल्या गावातच दिलेली पोरगी, दोन गल्ल्या ओलांडून सासरी आली. पुढं तिची आई गेली, वडील गेले, घर विकलं गेलं, आणि तिथं आता कोणाचं तरी पक्कं घर आहे. माहेर म्हणून मायकडं उरलं ते एवढं बरड. दिवाळीला पोरी माहेरी जातात, तशी ती भाऊबीजेला हातात ताट घेऊन बरडात जायची आणि बांधावरच्या बोरीला ओवाळून यायची. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. आता वाटत नाही.

आणि तरी गाव त्याला म्हणायचं रामभाऊचं बरड. बाबा म्हणायचे, माझं बरड. मायसुद्धा शेजारणीला सांगायची, "यायच्या बरडात तूर बरी आली." यायच्या म्हणजे नवऱ्याच्या. तिला त्यात काही खटकायचं नाही. आमच्याकडं बाईचं असं काही असतं, हे कोणी म्हणतच नाही.

तो उन्हाळा मला माहेरी मिळाला तो चक्कीची मोटार जळाली म्हणून. ऐन सीझनमध्ये! नवरा म्हणाला, मोटार भरून यायला आठेक दिवस लागतील, तू इथं नुसती चिडचिड करशील, जा मायकडं. चिडचिड करते म्हणे! पण गेले. पोरं मोठी झाल्यावर माहेरी राहायला कोण पाठवतं? मोटारीचे उपकारच म्हणायचे.

एसटीतून उतरले तर बाबा फाट्यावर गाडी घेऊन उभे. पिशवी घ्यायच्या आधीच सुरू झाले. "औंदा बरड पाहाजो शोभे. मैदा करून ठेवला, मैदा!" गावात ट्रॅक्टरला लावायचा नवा रोटावेटर आला होता. एकदा मारला की ढेकूळ फुटतं, दोनदा मारला की माती मऊ होते. बाबांनी तिसऱ्यांदाही मारला होता. घरी जायच्या आधी मला बरडावर घेऊन गेले. खरंच, काय दिसत होतं ते! एक धसकट नाही, एक ढेकूळ नाही, गालिचा अंथरावा तशी तांबडी माती. पाय ठेवला तर घोट्यापर्यंत आत. आणि बांधही मोकळा. बांधावरच्या बोराट्या, बाभळीची झुडपं, गवत, सगळं तोडून पेटवलेलं. काळी राख तेवढी पसरलेली. पलीकडं नामदेवकाकांचं वावर. त्यांचा मात्र बांध जंगलासारखा माजलेला, वावरात तुरीची धसकटं तशीच उभी. बाबांनी तिकडं बोट दाखवलं आणि हसले. "पाह्य नाम्याचं वावर. म्हशी बांधायच्या लायकीचं हाय." मीही हसले. छान वाटत होतं मला, बाबा खूश होते ना.

घरी आल्यावर मायला म्हटलं, बोर तोडली का गं बांधावरची? ती पोळी लाटत होती. "हाव. सावली पडे म्हनत वावरात." एवढंच म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

दोन-तीन दिवसांनी कुरड्या घातल्या. गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो शिजवून गरमागरम असताना सोऱ्यातून घालायच्या. पहाटेपासून आम्ही दोघी अंगणातल्या खाटांवर घालत होतो. मायची कुरडई कशी असते सांगू? पांढरीशुभ्र, मोगऱ्याच्या गजऱ्यासारखी गोल, शेवट कुठं आहे ते सापडत नाही. माझी म्हणजे गुंता. "चक्कीवाली झाली पन हात नाई बसला तुहा," ती म्हणायची. मी चीक चाटून खात होते, पंचेचाळिशीची बाई, बोटं चाटत. माय ओरडत होती, मुलांना ओरडतात तशी. असं ओरडायला आता तीच एक उरली आहे मला.

तिसऱ्या प्रहरी हवा थांबली. झाडाचं पान हलेना. कोंबड्या उगाच ओट्याखाली शिरल्या. आणि मग टेकडीकडून वावधान उठलं, धुळीचं वादळ. ते येताना आधी आवाज येतो, लांबून ट्रक यावा तसा. आम्ही धोतरं, लुगडी, जे हाताला लागलं ते खाटांवर टाकायला धावलो, पण काय उपयोग! पत्रे वाजायला लागले, दोरीवरचे कपडे उडाले, डोळे उघडवेनात. माय एका खाटेवर अक्षरशः आडवी पडली, हात पसरून. दहा-पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. पाऊस नाही, थेंब नाही. नुसतं येऊन झाडून गेलं.

उठलो तर कुरड्या तांबड्या झाल्या होत्या.

मी कपाळावर हात मारून घेतला, इतक्या दिवसांची मेहनत म्हणून बोंब मारायला लागले. मायनं एक कुरडई उचलली, बोटानं त्यावरची माती पुसली, बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मग जिभेला लावलं. "हे बरडातलं हाय," म्हणाली. अगं, कशावरून? "गावात दुसरीकडं कुठं हाय का तांबडी?" आणि तशीच निघाली, पायात चप्पल नाही, चिकानं बरबटलेले हात तसेच. मी मागं.

बरडावर पोचलो तर गालिचा निघून गेला होता. वरच्या अंगाला खडे उघडे पडले होते, कुठं कुठं मुरूम दिसत होता. मी आले त्या दिवशी घोट्यापर्यंत पाय जात होता, तिथं आता टाचेला खडा टोचत होता. बारीक माती तेवढी वाऱ्यानं निवडून नेली होती, सुपानं पाखडावं तशी, आणि जड ते मागं ठेवलं होतं. माय मधोमध उभी राहिली. वाकून एक खडा उचलला, परत ठेवला. मग तिची नजर पलीकडं गेली. नामदेवकाकांच्या बांधावरच्या बोराटीत, धसकटांच्या बुडाशी तांबडी माती अडकून तिचे ढीग झाले होते. जी गावावरून गेली ती गेली. पण थोडी तिथं थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय टोपलं घेऊन निघाली. बाबा ओट्यावर दात घासत होते. "कुठं चालली?" "माती आनाले." बाबांना वाटलं चुलीसाठी. नंतर कळलं, तेव्हा चिडले. "लोक हासतीन ना! नाम्याच्या वावरातून माती वाहून आनतं? वावधान हाय ते, कोनाच्या हातचं हाय का?" माय नामदेवकाकांच्या बोराटीत हात घालून माती खरडायची, टोपलं डोक्यावर घ्यायची, बरडात आणून ओतायची, हातानं पसरायची. हाताला काटे लागायचे. मी दुसरं टोपलं घेतलं. नामदेवकाका आले, आळशी माणूस, सावकाश, डोक्याला दुपट्टा बांधून. बघत राहिले.

"वहिनी, चोरून राह्यल्या काय माह्या वावरातून?" हसत म्हणाले.

"माहीच हाय भाऊजी. तुमच्याकडं पाव्हनी आली होती."

काकांचं हसू जरा मावळलं. मग त्यांनी फावडं आणलं आणि टोपली भरून द्यायला लागले. तिसऱ्या प्रहरी पाहिलं तर बाबाही आले होते. तोंड वाकडं करून, पण आले. मायच्या डोक्यावरचं टोपलं उतरवून घेतलं. "मान मोडशील," एवढंच म्हणाले. त्या रात्रीच्या जेवणात मायनं त्याच कुरड्या झटकून तळल्या होत्या. फेकवत नव्हत्या तिला. दाताखाली कचकच लागत होती. बाबा एरवी डाळीत खडा निघाला तर घर डोक्यावर घेतात. त्या दिवशी गुपचूप चावून खाल्ल्या.

मोटार तयार झाल्याचा फोन आला आणि मी निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा वावधान आलं. पहिल्याइतकं मोठंही नव्हतं. पण आम्ही आणून पसरलेली माती आधी उडाली. उडणारच. ती माती कुठं होती आता? माती म्हणजे नुसते कण नाहीत हो. मुळांनी, शेणखतानं, कुजलेल्या काडीनं, गांडुळांनी वर्षानुवर्षं बारीक बारीक कण एकमेकांना चिकटवून रवाळ दाणे केलेले असतात, त्या दाण्यांच्या मधून हवा जाते, पाणी जातं. आम्ही आणलं ते पीठ होतं. पीठ परत आणता येतं, त्याचे गहू करता येत नाहीत. माय बांधावर बसली आणि पहिल्यांदा रडली. "माह्या बापानं टोपल्यानं शेन टाकलं शोभे या वावरात. मी डोक्यावर न्यायची लहानपनी. ते सारं गेलं बाई." मी तिच्या हाताचे काटे काढत बसले.

आषाढात फोन केला तर बरडातलं सोयाबीन उगवलंच नव्हतं. पेरल्यावर दणकून पाणी पडलं, मग ऊन तापलं, आणि त्या पिठाची वर पापडी धरली. कडक, चप्पल वाजावी अशी. खाली कोंब निघालेले, पण डोकं वर काढता येईना, माना मोडून आतच राहिले. माय खुरपं घेऊन ओळीनं पापडी फोडत फिरत होती. खालच्या काळ्या वावरात पीक आलं. नामदेवकाकांच्यातही आलं, त्या म्हशी बांधायच्या लायकीच्या वावरात. बरडात टक्कल पडल्यासारखं ठिकठिकाणी.

दिवाळीनंतर बाबा चक्कीवर आले. कोर्टाच्या बाजूला काही काम होतं, मग जेवायला घरी न जाता माझ्याजवळ स्टुलावर बसले. वरच्या पत्र्यातल्या एका भोकातून उन्हाची तिरीप येत होती आणि त्यात पीठ उडत होतं. बाबा कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत होते. मी एका बाईचं बारीक दळण काढत होते, मग एकीचा जाडा रवा. जाडा निघायला लागला तशी तिरीप हळूहळू मोकळी झाली. बाबांनी ते पाहिलं. मी पाहिलं, की त्यांनी पाहिलं.

"असंच उडालं असन बरड," ते म्हणाले.

माझी जीभ कुठली गप्प बसते. "तुमीच तर दळलं बाबा. तीनदा."

बोलून गेले आणि चटका बसला. म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात का? पण बाबा रागावले नाहीत. टोपी काढून गुडघ्यावर झटकली, पांढरं उडालं. "लोक थांबून पाहात होते ना," म्हणाले. "मले बरं वाटे." मी त्यांना चहा दिला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि प्यायचा विसरले. थंड झाला तेव्हा दुसरा दिला.

आता मध्ये काही वर्षं गेली. बरड पूर्ण भरून आलेलं नाही. वारा एका तिसऱ्या प्रहरी नेतो ते परत यायला किती पावसाळे लागतील, कोणास ठाऊक. पण मागच्या खेपेला गेले तेव्हा माय मला तिथं घेऊन गेली. धसकटं उभी होती, सोयाबीनचं कुटार, मळून उरलेला भुसा, पसरलेलं, त्यावर शेणखत. बांधावर बोरी पुन्हा फुटल्या आहेत, कमरेएवढ्या. मायनं कुटार बाजूला केलं, मूठभर माती उचलून माझ्या हातावर ठेवली. थंडगार होती, वैशाखात. दाबली तर गोळा झाला, अंगठा लावला तर फुटून रवा झाला. तिच्याकडं पाहिलं तर ती नवं लुगडं दाखवणाऱ्या पोरीसारखी माझ्या तोंडाकडं बघत होती. इथं वाशीमला धूळ झटकताना मला हल्ली तेच मनात येतं. ही कोणाच्या वावरातली असेल? काळी आहे म्हणजे आमची नाही. पण कोणाची तरी आहेच ना. फडकं बाहेर झटकताना जीव थोडा अडखळतो. शिव्या मात्र देतेच.

पण मला सांगायची आहे ती त्याच्याही आधीची, बरड उडालं त्याच्या पुढच्याच वर्षीच्या आखाजीची सकाळ. मी पूजेला म्हणून आदल्या दिवशीच गेले होते. माय आत पुरणपोळीची कणीक तिंबत होती, मी पुरण वाटत होते. बाबा ओट्यावर. बरडात धसकटं तशीच उभी होती आणि संध्याकाळी गाव शिवार फिरायला निघणार होतं, हे बाबांना माहीत होतं, आम्हालाही होतं. सकाळपासून ते तीनदा उठून दारापर्यंत गेले होते आणि परत येऊन बसले होते. तेवढ्यात गावातल्या गजूचा ट्रॅक्टर दारात थांबला, मागं रोटावेटर लावलेला. त्यानं इंजीन बंदही केलं नाही.

"काका, सगळ्यायचं झालं, तुमचंच बरड तेवढं राह्यलं. लोक नावं ठेवून राह्यले. आत्ता जाऊन दोन चकरा मारतो, संध्याकाळपर्यंत चकाचक. मारू ना?"

आत आमचे दोघींचे हात थांबले. माय माझ्याकडं बघत नव्हती, कणकेकडं बघत होती.

बाहेर बराच वेळ नुसतं इंजीन वाजत राहिलं. मग बाबा म्हणाले, "मले काय इचारतं बे? जिचं वावर हाय तिले इचार."

गजूला कळलंच नाही. "कोनाले?"

"शोभाच्या मायले. तिचं वावर हाय ते."

मी मायकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. ती उठली. हात कणकेचे होते, ते पुसायचंही तिला सुचलं नाही. पदर डोक्यावर घ्यायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला. उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. बाबा तिच्याकडं न बघता गल्लीकडं बघत बसले होते, कान मात्र लाल झालेले.

"नोको मारू बापू," माय म्हणाली. आवाज फुटला नाही नीट. इंजीनच्या आवाजात गजूला ऐकू आलं नसावं, त्यानं हात कानाशी नेला. मग मायनं घसा साफ केला आणि मोठ्यानं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"माह्या वावरात नोको मारू!"